एडिनबराकर

"ओल्या पायरीवर पाय देऊ नका हो," वॉटी खालून म्हणाला, आणि मिसेस डॉहर्टीने नेमका त्याच पायरीवर पाय दिला असणार, कारण पाठोपाठ तिचं हसणं जिनाभर घुमलं.

एफी दाराच्या आत कोट चढवून, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. दहाची गाडी होती. साडेआठ वाजून गेले तरी नवरा अजून बादली घेऊन जिन्यातच. दर दोन आठवड्यांनी पिटकेर्नांच्या, म्हणजे या दोघांच्या, दाराच्या मुठीला ती पुठ्ठ्याची पाटी लागायची, 'या आठवड्यात जिना तुमच्याकडे'. शनिवारी जिना धुऊन झाला की तीच पाटी समोर डॉहर्टींच्या मुठीला अडकवायची. ग्लासगोत डेनिस्टनच्या सगळ्या इमारतींत हीच रीत. आज एडिनबऱ्याला जायचंय, एक दिवस जिना पारोसा राहिला तर आभाळ कोसळणार नाही, असं तिने त्याला सकाळी सांगून पाहिलं होतं. पण पाटी दाराला असताना वॉटी घराबाहेर पडेल तर शपथ.

खरं तर हे काम एफीचं. तिसरा मजला, आणि लग्न होऊन आल्यापासून तिनेच तो जिना धुतला. पाच वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला आणि एका शनिवारी वॉटीने काही न बोलता बादली उचलली. पुरुषमाणूस जिना धुतो म्हटल्यावर महिनाभर सगळ्या इमारतीला विषय पुरला. शेवटी मिसेस डॉहर्टीनेच निकाल दिला. म्हणाली, "अगं बाय, तो एडिनबऱ्याचा. तिकडे चालत असेल असलं."

वॉटीच्या बाबतीत हा निकाल कशालाही लागू पडायचा. कोटाची वरची गुंडी लावली, एडिनबऱ्याचा. दारूच्या दुकानात गाणं म्हटलं नाही, एडिनबऱ्याचा. पेपर वाचून पुन्हा घडीवर घडी घालून ठेवला, मग तर काय बघायलाच नको. बत्तीस वर्षं तो पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत शिपाई होता. बॉयलर पेटवायचा, किल्ल्या सांभाळायच्या, पोरगं ओकलं की त्यावर भुसा टाकायचा. पोरं पाठीमागे त्याला 'एडिनबराकर' म्हणत. ती पोरं मोठी झाली, स्वतःची पोरं घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली, तेव्हाही म्हणत, तो बघ एडिनबराकर. दोन्ही गावांमध्ये गाडीने पाऊण तासाचं अंतर. पण माणसं अशी बोलतात की मध्ये समुद्र आहे.

वॉटी आत आला, हात धुतले, पाटी समोरच्या मुठीला लावली आणि टोपी घातली. मिसेस डॉहर्टी आपल्या दारात उभीच होती. एफीकडे बघून म्हणाली, "चाललात का? जेवून जा गं बाई. तिकडे गेल्यावर, जेवूनच आला असाल ना, असं विचारतात." हा विनोद ती गेली एक्केचाळीस वर्षं करत होती. वॉटी त्याला एक्केचाळीस वर्षं हसत होता. आजही हसला. एफीला मात्र हसू आलं नाही, कारण आज त्या घरी कशाला चाललोय हे मिसेस डॉहर्टीला माहीत नव्हतं.

वॉटीची थोरली बहीण ग्रिझेल. लग्न केलं नाही, जन्मभर एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखन केलं आणि एडिनबऱ्यात गॉर्गीमधल्या आईवडिलांच्या घरात एकटी राहिली. आता सत्तरी झाली, तर फाइफला मैत्रिणीकडे राहायला जाणार होती. तिचं पत्र आलं होतं. घर विकायला सोमवारी वकिलाकडे जायचं आहे, पण त्याआधी वॉटीला विचारल्याशिवाय कसं जाऊ? तळमजल्याचं आहे, एफीच्या गुडघ्यांना बरं. येऊन बघा आणि रविवारपर्यंत कळवा. पत्र वॉटीने वाचलं, घडी घातली आणि घड्याळामागे ठेवलं. एक शब्द बोलला नाही.

तो बोलला असता तर एफीला भांडता तरी आलं असतं. पंचावन्न साली लग्न ठरलं तेव्हा त्याची एडिनबऱ्याला दारूच्या कारखान्यात चांगली नोकरी होती, पिंपं बनवायची. एफीने अट घातली होती की आपली आई आहे तोवर ग्लासगो सोडणार नाही. तो बरं म्हणाला आणि नोकरी सोडून आला. आई आणखी एकोणीस वर्षं जगली. मग मुलीची शाळा होती. मग मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली, तर त्याची नोकरी होती. तेव्हा एफीने स्वतःच्या तोंडाने, स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं होतं, तू निवृत्त झालास की तुझ्या गावी. नक्की. त्याला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत त्याने त्या वाक्याची आठवण एकदाही करून दिली नव्हती, आणि तेच तिला जास्त टोचत होतं.

तिला जायचं नव्हतं. ही गोष्ट सरळच सांगितलेली बरी. या जिन्यात तिला कोण कधी शिंकलं ते कळायचं. खिडकीत कोपर टेकवून उभं राहिलं की रस्त्यावरची निम्मी माणसं वर बघून हात करायची. एडिनबऱ्याला तिला कोण हात करणार होतं? पण शब्द दिलेला होता, आणि आता निमित्त एकच उरलं होतं. घरातच काही खोट निघाली पाहिजे. गाडीत बसल्या बसल्या ती मनात यादी करत होती. ओल असणार. वारा असणार. शेजारी तोंड वर करून बघत नसणार. आणि ग्रिझेल दारातच विचारणार, जेवूनच आला असाल ना. विचारलं की तिथेच सगळं संपलं.

ग्रिझेलने दार उघडलं आणि आतून जवाच्या सुपाचा वास आला. टेबल मांडलेलं होतं. सूप होतं, खिमा नि बटाटे होते, ॲपल पाय होता, आणि एफी बसते न बसते तोच ग्रिझेलने तिच्या पायाखाली छोटं स्टूल सरकवलं. घर उबदार होतं. निजायच्या खोलीत ऊन होतं. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवलेली होती, नवी कोरी. मी बसवून घेतली, तुझ्यासाठी, असं ग्रिझेल म्हणाली आणि लाजली. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला दोऱ्या होत्या, दोन पायऱ्या उतरून, बस. एफी भिंतींना हात लावून बघत होती. कुठे ओलीचा डाग सापडेना. शेजारीण मुरंबा घेऊन आली आणि अर्धा तास हलली नाही. मिसेस डॉहर्टीपेक्षा जास्त बोलली. यादी घेऊन आलेल्या बाईच्या हातात काही म्हणता काही उरलं नाही.

सूप पिताना एक वाजला आणि एडिनबऱ्याच्या किल्ल्यावरून वेळ सांगणारी तोफ उडाली.

वॉटीच्या हातातला चमचा ताटलीवर आपटला. सूप मेजावर सांडलं. "काय झालं?" असं म्हणत तो अर्धवट उठलासुद्धा.

"तोफ रे," ग्रिझेल म्हणाली. "एक वाजला."

सगळेच हसले. तो सगळ्यात जास्त हसला आणि फडक्याने सूप टिपू लागला. ग्रिझेल एफीला सांगत होती, लहानपणी हा एक वाजायच्या आधी बोटं मिटत मोजायचा, आणि दहावं बोट मिटलं की बरोबर तोफ व्हायची, शाळेतली पोरं याच्याभोवती गोळा व्हायची. वॉटी मान हलवत होता. पण टिपून झाल्यावरही तो बराच वेळ त्याच जागी फडकं फिरवत राहिला. तेव्हा एफीच्या ते लक्षात आलं नाही. ती खिडकीला वारा लागतो का ते बघण्यात गर्क होती.

निघताना ग्रिझेलने दरवेळचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली लेमोनेडची जुनी बाटली, आणि तीत कोपऱ्यावरच्या तळलेले मासे नि चिप्सच्या दुकानातून भरून आणलेला तपकिरी सॉस. एडिनबऱ्याची माणसं मासा नि चिप्सवर मीठ आणि हा सॉस घालतात. ग्लासगोची मीठ आणि व्हिनेगर. यावरून भांडणं झालेली आहेत, लग्नं मोडल्याचंही ऐकलंय. आमच्या गावात ही चेष्टेची गोष्ट नाही. ग्लासगोत तसला सॉस मिळत नाही, म्हणून ग्रिझेल दर तीन महिन्यांनी एक बाटली पाठवायची. एफी त्याला चिखल म्हणायची. शुक्रवारी वॉटी पिएरीच्या दुकानातून दोघांचे मासे घेऊन यायचा आणि मग कपाटातून तो चिखल काढायचा. तो ते एखाद्या कर्मकांडासारखं सावकाश करायचा.

या बाटलीनंतर पाठवणारं कोणी नाही हो, ग्रिझेल म्हणाली. मग लगेच सावरून घेत म्हणाली की पण तुम्ही इथेच आलात तर कोपऱ्यावरच तर आहे. आणि तिने एफीकडे पाहिलं. एफीने हातमोज्यांची बोटं नीट केली.

गाडीला अजून वेळ होता. संध्याकाळचे पाच वाजत होते. त्या दिवशी तिथल्या संघाचा फुटबॉलचा सामना बाहेरगावी होता, म्हणून गॉर्गीचा रस्ता मोकळा होता. वॉटी म्हणाला, चल, चिप्स घेऊ. एवढं जेवल्यावर? ती म्हणाली. पण तो पुढे झाला होता. दुकान तेच होतं, सात वर्षांचा असताना तो काचेला नाक लावून उभा राहायचा तेच. फरशा बदलल्या होत्या, माणसं बदलली होती. दाराच्या वर घोड्याच्या नालेचा डाग होता, तो मात्र त्याने एफीला बोटाने दाखवला. चालीत एक ऐट आली होती त्याच्या. एफीने ती गेल्या कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. झालं, तिला वाटलं. आता आपलं काही चालत नाही. हा इथला आहे, आणि आता आपल्याला यावं लागणार.

गल्ल्यामागे विशीतली मुलगी होती. वॉटी पुढे झाला आणि म्हणाला, "दोन मासे. मीठ, व्हिनेगर."

मुलीचा हात सॉसच्या बाटलीवर होता, तो तसाच राहिला. "व्हिनेगर?" तिने विचारलं.

वॉटीच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग उमटलं. एक्केचाळीस वर्षं दर शुक्रवारी पिएरीच्या दुकानात तो हेच वाक्य बोलत आला होता. रांगेत माणसं उभी असायची, पिएरी घाईत असायचा, एकाचं वेगळं दुसऱ्याचं वेगळं कशाला सांगायचं, म्हणून तो दोघांचंही व्हिनेगर घालून घ्यायचा आणि घरी येऊन त्यावर आपला सॉस ओतायचा. ते वाक्य तोंडात बसलं होतं. सॉसच द्या म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण मुलगी तोवर आत जाऊन व्हिनेगर शोधायला लागली होती. कुठून तरी मागून एक धुळकट बाटली घेऊन आली. चांगली हसरी मुलगी होती, तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं.

"ग्लासगोचे ना तुम्ही?" व्हिनेगर शिंपडता शिंपडता ती म्हणाली. "बोलण्यावरून पण कळतंच. कसं वाटलं आमचं गाव? किल्ला बघितलात का?"

एफीने त्याच्याकडे पाहिलं. अगं, हा समोरच्या जिन्यात जन्मला. तुझा बाप पाळण्यात होता तेव्हा हा इथे कागद चाटत उभा असायचा. हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात वॉटीने तिच्या कोपराला हलकेच बोट लावलं.

"बघितला," तो मुलीला म्हणाला. "छान आहे." आणि टोपीला हात लावून त्याने पुडे उचलले.

आता पुढचं सांगताना एफीचीच बाजू घ्यायची तर लपवावं लागेल, पण लपवत नाही. दुकानाबाहेर पडताना एफीला सुटल्यासारखं वाटलं. मोठं ओझं उतरावं तसं. आता हा नाही म्हणेल, आपोआप, आणि आपल्याला काही म्हणावंच लागणार नाही. चारपाच पावलं ती या सुखात चालली असेल. मग तिने शेजारी पाहिलं. वॉटी नेहमीसारखाच चालत होता, वरची गुंडी लावून, पण ती ऐट गेली होती. दुकान त्याच्या मागे होतं आणि त्याने मान वळवून पाहिलं नाही. एफीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिला बसथांब्याच्या बाकावर बसावंच लागलं. गुडघे दुखतायत, असं ती म्हणाली.

दोघं बाकावर बसून खाऊ लागले. गाठोड्यातली बाटली त्याच्या पायाशी होती. ती उघडून सॉस ओतता आला असता. त्याने ओतला नाही.

"वॉटी," ती म्हणाली, "आपण येऊ या इथे. उद्या ग्रिझेलला हो म्हणून सांग."

तो चावायचा थांबला. "काय म्हणालीस?"

"मी येते म्हणाले. कुरकुर न करता येते. शब्द दिला होता तुला."

"तो होय." तो हसला. तिला वाटायचं तो विसरला असेल. तो काही विसरला नव्हता. त्याने आणखी एक चिप खाल्ली, बोटं कागदाला पुसली. मग म्हणाला, "उशीर झाला, एफी."

बस चुकल्यावर माणूस म्हणतो तसं तो म्हणाला. बोलण्यात कुठे ठपका नव्हता.

ती पोरगी कालची, तिला काय कळतंय, सहा महिन्यांत सगळे तुला ओळखायला लागतील, असं तिने घाईघाईने बरंच काही बोलून पाहिलं. घर किती चांगलं आहे ते सांगितलं. न्हाणीघरातली दांडीसुद्धा सांगितली. सकाळी ज्या घरात ती खोट शोधत होती त्याचीच ती आता वकिली करत होती. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तिकडे मला एडिनबऱ्याचा म्हणतात," तो म्हणाला. "इथे ग्लासगोचा म्हणायला लागले, तर मी कुठला राहायचा सांग?"

बस आली, दोघं चढली.

घरी पोचेपर्यंत साडेसात झाले. एफी एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरत वर चढली, वॉटी तिच्या मागे, एक हात तिच्या पाठीशी धरून, न लावता. सकाळी धुतलेला जिना वाळून लख्ख झाला होता. वर मिसेस डॉहर्टीचं दार उघडलं. तिला पावलांवरून सगळं कळतं.

"काय एडिनबराकर," ती वरून म्हणाली, "जेवूनच आला असाल ना?"

वॉटी पायरीवर थांबला. त्याने मान वर केली, टोपी काढली आणि म्हणाला, "हो हो, मिसेस डॉहर्टी, जेवूनच आलो." तो हसला. एक्केचाळीस वर्षं तो या विनोदाला भलेपणाने हसत होता, असं एफीला वाटत आलं होतं. आज ती दोन पायऱ्या वर होती आणि वळून पाहत होती, म्हणून तिला त्याचा चेहरा दिसला. भलेपणाचा त्यात काही संबंध नव्हता. त्याला बरं वाटलं होतं. ग्रिझेलचं घर गेल्यावर त्याला एडिनबऱ्याचा म्हणणारी ही एवढीच जागा जगात उरणार होती. हा जिना आणि ही आगाऊ बाई.

रविवारी दुपारी त्याने स्वतःच ग्रिझेलला फोन केला. एफी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. नाही गं, तो म्हणत होता, घराला काय नावं ठेवणार? नाही नाही, एफी तर तयार होती, तीच मागे लागली होती. मलाच करमणार नाही. मग बराच वेळ तो नुसतं हं हं करत राहिला. ग्रिझेल बहुतेक रडत असावी. शेवटी म्हणाला, "त्या दांडीचं वाईट वाटतं बघ. कुणाच्या तरी उपयोगी पडेल." एफीने बटाटा इतका सोलला की हातात सुपारीएवढा उरला.

तो आठवडा दोघांनी त्यावर काही बोलायचं नाही असं न ठरवता ठरवलं. बाटली कपाटात गेली. पाटी समोरच्या दाराला होती, आठवडा डॉहर्टींचा होता, आणि मिसेस डॉहर्टीने जिना नेहमीसारखा उरकल्यासारखा धुतला. कोपऱ्यातली माती तशीच राहिली. वॉटी जाता-येता तिकडे बघायचा.

शुक्रवारी सहा वाजता त्याने टोपी घातली. एफीही कोट घालायला लागली.

"तू कशाला?" तो म्हणाला. "तीन मजले परत चढायचे."

"पाय मोकळे होतील," ती म्हणाली.

पायांना ते मुळीच नको होतं. खाली उतरायला तिला दहा मिनिटं लागली. पिएरीच्या दुकानात नेहमीची शुक्रवारची गर्दी होती, रांग दाराबाहेर आलेली. सगळेच ओळखीचे. वॉटीच्या शाळेतून गेलेला, आता टक्कल पडलेला एक जण पुढे होता. त्याने एफीला बघून भुवया उंचावल्या. बऱ्याच वर्षांनी खाली उतरलात, म्हणाला. खिडक्यांना वाफ धरली होती. रांग पुढे सरकत होती आणि एफीच्या गुडघ्यात आग लागली होती, पण ती वॉटीच्या शेजारी उभी राहिली, मागे नाही.

त्यांची वेळ आली. पिएरीने मान वर न करताच दोन कागद पसरले, दोन मासे टाकले. हे गिऱ्हाईक काय मागणार हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. त्याने व्हिनेगरची बाटली उचलली. वॉटीने तोंड उघडलं.

"थांबा," एफी म्हणाली. "एकावरच घाला. दुसरा कोरडा ठेवा."

पिएरीचा हात थांबला. त्याने आता मान वर केली आणि आधी वॉटीकडे, मग एफीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. "कोरडा?" तो म्हणाला. "कुणासाठी?"

मागची रांग ऐकत होती. तो टकला आपला पुडा हातात घेऊन दारात थांबला होता.

"यांच्यासाठी," एफी म्हणाली. गेल्या शनिवारी जे बोलायचं राहून गेलं होतं ते तिने आता मोठ्याने, अगदी दारापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. "हे एडिनबऱ्याचे आहेत. एडिनबऱ्याला गॉर्गी म्हणून भाग आहे, तिथले."

कुणी हसलं नाही. पिएरीने व्हिनेगरची बाटली खाली ठेवली, एक पुडा कोरडाच गुंडाळला आणि चुकायला नको म्हणून त्याचा कोपरा दुमडला.

वॉटी गल्ल्याकडे बघत होता. त्याने टोपी काढली, हातात एकदा फिरवली आणि पुन्हा घातली. मग तो दुमडलेल्या कोपऱ्याचा पुडा त्याने दोन्ही हातांनी उचलला.